वायसर

जूनमध्ये मी फळ्यावर एक शब्द लिहिला होता.
स्वमग्न.
दोन दिवसांच्या प्रशिक्षणातून आणलेला,
चहा-बिस्किटांच्या वासासकट.
दुसरीच्या वर्गानं तो जोडाक्षर सांभाळत वाचला
आणि सानिका बुचडे म्हणाली,
"पण बाई, ओजस स्वतःत कुठं मग्न असतोय?
तो तर पंख्यात असतोय."

मी हसले नाही. हसायला हवं होतं.
मी सांगितलं, त्याला सांभाळून घ्या.
मग आठवडाभर सगळ्यांनी त्याला सांभाळलं:
दप्तर उचललं, डबा उघडला, नाक पुसलं,
गाल ओढून ओजू ओजू केलं,
नवीन वासराला गल्ली बघायला यावी तसं.
शुक्रवारी ओजस नेजदार बाकाखाली गेला
तो शाळा सुटेपर्यंत वर आलाच नाही.

शब्द मीच पुसला. ओल्या फडक्यानं.

आमची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा,
आणि दत्तूमामांचा हात तालमीतला.
टोल पडला की ओजसचे तळवे कानांवर,
तोंडातून एक लांब ऊऊऊ,
घंटा थांबली तरी न थांबणारा.
रणवीर इंगवले हुबेहूब नक्कल करायचा. वर्ग हसायचा.
मी ओरडायचे, म्हणजे आवाजात अजून एक आवाज.

एकदा शेवटच्या बाकावरून मिसबाह शिकलगार उठली,
वर्षात चारदा बोलणारी:
"आमचे अब्बा फौंड्रीत हाईत, उद्यमनगरात.
घरी आले की तासभर कोण बोलत न्हाई त्यांच्याशी.
टीव्ही बंद. ताट बी हळू ठिवायचं.
मशिन तिकडं बंद झाली तरी कानात चालूच असती.
ओजसचं तसंच असंल.
फकस्त त्याची सुट्टीच हुईत न्हाई."

मी खडू खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं कंपासमधून एक वायसर काढला,
लोखंडी, रुपयाएवढा, तेलकट.
"नट आणि बोल्टच्या मधी बसतोय. घासू नये म्हणून.
मधल्या सुट्टीला मोठा काटा दहावर आला
की मी ठेवतो बाई, त्याच्या बाकावर.
म्हंजे त्याला कळंल, घंटा येणाराय."
हातात नाही द्यायचा, तिनं सगळ्यांना बजावलं.
कोपऱ्यावर ठिवायचा. घेतला तर घेतला.

पहिले नऊ दिवस नाही घेतला.
दहाव्या दिवशी बोटात घालून फिरवत बसला,
आणि टोल पडायच्या आधीच
उठून पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहिला.
ऊऊऊ आलाच, पण आखूड.

दिवाळीनंतर दत्तूमामांनी दांड्याला
सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली.
मी सांगितलं नव्हतं. कुणी सांगितलं, विचारलं नाही.

रणवीर अजून नक्कल करतो, कधीकधी.
एकदा त्यानं वायसर लपवला.
त्या दिवसाचं मी इथं लिहीत नाही.
पण आता टाकीमागे तोही जातो,
थोडा लांब उभा राहतो, माती उकरतो.
दोघं बोलत नाहीत. बोलायलाच हवं असं
मीही आता म्हणत नाही.

जानेवारीत मिसबाह तीन दिवस आली नाही.
अब्बांचा हात भाजला होता.
चौथ्या दिवशी आली, दप्तर न काढता बसली.
सगळी भोवती: काय झालं, कसं झालं, किती भाजलं,
रडतीस का, रडू नको की गं.
मीही त्यात होते.

ओजस उठला.
गर्दीच्या कडेकडेनं, कुणाला न चिकटता,
तिच्या बाकापर्यंत आला,
कोपऱ्यावर वायसर ठेवला,
तिच्याकडे न बघता माघारी गेला
आणि पंख्याकडे बघत बसला.

एकेक पोर आपापल्या जागी गेलं.
कुणीतरी बाक सरकवला, तोही उचलून.

मी घड्याळ पाहिलं. अकरा वीस.
घंटेला अजून खूप वेळ होता.