सोळा डबे

आठ डबे स्प्रूसच्या सावलीत,
चार कुरणात, चार दलदलीच्या काठाशी,
जिथे शेवाळावर पाय ठेवला की जमीन उसासते.
प्रत्येकात मेलेला उंदीर, वर पत्र्याचं छप्पर.
जमीन हिल्लारची. त्याची अट एकच:
"कुत्र्याला वास लागला, तर निस्तरायचं तू."
मला तो भुंग्यांची पोर म्हणतो.

मेमध्ये येतो तो नखशिखांत काळा,
मिशांची टोकं तेवढी नारिंगी,
विझत आलेल्या दोन विड्या जशा.
एस्टोनियातली ती रात्र, धड काळोख नसलेली,
माश्या अजून थंडीनं जड,
तेवढ्यात हा आपलं उरकून घेतो.
मग कुरणातला, पिवळ्या लवेचा, फेंगड्या पायांचा.
तो झाडाखाली सहसा येत नाही.
झाडाखालचा उन्हात जात नाही.
आणि ऑगस्ट कलला की आणखी एक,
सगळ्यांची पंगत उठल्यावर येणारा.

रस्त्यावर मेलेलं हरीण मात्र कुणाला पुरता येत नाही.
तिथे लाल मानेचे चपटे भुंगेरे,
अळ्या, माश्या, एक कोल्हा, सगळ्यांचीच चूल.

मी वहीत लिहिते: तारीख, तास, सावली, वजन.
ना तलाठी, ना मोजणीची साखळी.

पण यात कुणाचं मन मोठं आहे असं समजू नका.
सातव्या डब्याशेजारी एक चिचुंद्री होती,
माझी नव्हे, आपल्या मरणानं मेलेली.
तिच्यावरून दोघी रात्रभर झुंजल्या.
सकाळी मातीवर एक सुटा पाय,
आणि खाली जिंकलेली, जोडीदाराबरोबर,
केस सोलून चिचुंद्रीचा गोळा वळत होती,
पिठाचा वळावा तितक्या मायेनं.
आठवड्यानं पिल्लं माना वर करून घास मागत होती.
वाटणी म्हणजे चुकवलेली मारामारी,
हजारो उन्हाळे चुकवत चुकवत अंगवळणी पडलेली.
चुकवता आली नाही तिथे पाय तुटतो.

हिल्लार आणि त्याची बहीण लेइदा
अकरा वर्षं बोललेले नाहीत.
शेत निम्मंनिम्मं झालं, गोठा त्याला, सफरचंदं तिला,
पण बाष्पस्नानाची लाकडी खोली
नेमकी हद्दीवर, आणि ती कुणी कापणार?
शनिवारी तिच्या धुराड्यातून त्याचा धूर.
बुधवारी तिचा.
हे कुणी ठरवलं, विचारलं तर तो म्हणतो,
"काय ठरवलं?"

सप्टेंबरात मी शेवटचे डबे उपसत होते.
दलदलीवर धुकं, बोटं बधिर,
चौदाव्यात नुसतं पाणी आणि एक गोगलगाय.
हिल्लार कुंपणाशी उभा.
त्या बाजूला तो कधी बघत नाही, बघत होता.
"आज वार कोणता?"
"बुधवार," मी म्हणाले.
धुराडं कोरडं होतं.

तो आत गेला. कुऱ्हाडीचे आवाज आले,
बर्चच्या ढलप्यांचे, बराच वेळ.
मग दोन्ही हातांवर मावतील तितकी लाकडं घेऊन
हद्दीचा दगड ओलांडून तो चालत गेला,
खोलीकडे नाही, थेट लेइदाच्या दाराकडे.

वहीत यासाठी रकाना नव्हता.
मी पंधरावा डबा उघडला.