चाळीस नंबरची कळ

काळा पडदा. एवढंच.
बटण नाही, मेनू नाही, बंद करायला फुली नाही.
रेझो पोलंडला ट्रक चालवायला गेला
आणि जाताना हे मांडून गेला:
मावशी, यंत्र म्हातारं झालंय,
जड संसार आता त्याला झेपत नाही.
यात खिडक्या एकमेकींवर चढत नाहीत,
शेजारी शेजारी बसतात.
माउस विसरून जा. सगळं बोटांवर.

विन आणि एंटर. कन्सोल उघडलं,
अख्खा पडदा त्याचा.
विन आणि डी दाबलं की बाकीचं सगळं, म्हणाला होता.
दाबलं. पुन्हा दाबलं,
आमच्या जिन्यातली लिफ्ट नाणं गिळून ढिम्म उभी राहते
तेव्हा दाबतात तसं.

फोन लावला. तो कुठल्याशा पंपावर, केबिनमध्ये, झोपेत.
‘काल तर चालत होतं.’
बिघडलेलं सगळं
कालपर्यंत चालतच असतं, रेझो.

खालच्या पट्टीत वार यायला हवा होता.
तिथे रिकामे चौकोन. मोजले. सहा.
शाबाती. सहा अक्षरांचा एकच वार आहे आमच्यात.
म्हणजे शनिवार;
यंत्राला माहीत होता,
फक्त लिहायला अक्षरं नव्हती त्याच्याकडे.
ती आणून दिली. फॉन्ट बसला, वार दिसला,
डी मात्र मुकाच.

मग फाइल उघडली.
बावीस वर्षं कुताइसीच्या छापखान्यात प्रूफं तपासली,
उघडा राहिलेला कंस मला झोपू देत नाही.
सत्त्याण्णवाव्या ओळीवर सापडला, मिटवला,
वरची लाल पट्टी गेली.
डी मुकाच.

पहाटे तीनला उमगलं.
कळफलक जॉर्जियनवर होता. माझा तो असतोच.
मी दाबत होते दोनी,
अनी, बनी, गनी, दोनी मधला दोनी,
आणि ते कान देऊन बसलेलं डीसाठी.
बोट तेच, कळ तीच,
हाक दुसरीच.

उपाय एका ओळीचा:
अक्षराचं नाव सांगू नकोस, जागा सांग.
डीची जागा चाळीस.
चाळीस लिहिलं, फाइल पुन्हा वाचायला लावली,
दाबलं.
उघडलं हो.

शब्दकोश उघडला, पडदा अर्धा झाला.
प्रूफं उघडली, अर्ध्याचा अर्धा.
ही मांडणी मला कोणी शिकवायला नको होती.
त्र्याण्णव साली, त्स्काल्तुबोच्या सॅनेटोरियममध्ये
आम्हाला एक खोली मिळाली, सुखुमीहून आलेल्या पाच जणांना.
पंधरवड्यात ओचामचिरेचं एक कुटुंब आलं.
तारेवर घोंगडी टांगली.
नाताळच्या आधी एतेरी आली, एकटी, शिवणयंत्र घेऊन;
घोंगडीला काटकोनात चादर लागली.
कोणी कोणावर नाही.
नवं माणूस आलं की जुनी थोडी आकसतात,
गेलं की पसरतात,
गेलेल्याची जागा तशीच ठेवायची सोय
या मांडणीत नाही.

आईने एक नियम केला होता.
रविवारी दुपारी एक तास
खोली एकाच माणसाची.
बाकी सगळे बाहेर, पाऊस असो, बर्फ असो,
तुटक्या कारंज्यापाशी उभे.
एतेरी तिच्या तासात काय करायची कोण जाणे,
शिवणयंत्राचा आवाज तर कधी आला नाही.

एफची जागा एक्केचाळीस, चाळिसाच्या शेजारी.
तीही ओळ दुरुस्त केली.
विन आणि एफ: एका खिडकीला सगळा पडदा,
बाकीच्या कुठे जातात दिसत नाही,
पण असतात.

रेझोला लिहिलं, ‘झालं.’
मग कन्सोलवर जाऊन एक्केचाळीस दाबली.
लिहायचं काही नव्हतं.
चौकोन लुकलुकत होता.
पट्टीसुद्धा झाकली गेली होती,
तिच्यात आतापर्यंत
पाच अक्षरांचा वार आला असणार.