कार्डं दोन, नंबर एक

कराव्याच्या तलावाजवळच्या मशीनला
तीन पायऱ्या, आणि रॅम्पवर
शहाळेवाल्याची सायकल.
गुडघा बदलल्यापासून वॉचमन खोत हात देतो.
मी पिन दाबताना मात्र पाठ करून उभा राहतो,
देवाला नेसवताना पडदा ओढतात तसा.

खातं दोघांचं, कार्डं दोन, नंबर एक, माझा.
समुद्रावर कल्पेशचं सिम चालत नाही.
रात्री पावणेतीनला फोन थरथरतो:
अँटवर्प, पन्नास युरो.
म्हणजे जहाज लागलं.
म्हणजे पाकीट खिशात आहे,
आणि पिन दाबायला बोटं जागेवर.

मग सतरा दिवस काही नाही,
नुसते गॅसचे आणि लॉटरीचे मेसेज.
मग डर्बन.
वर दीडशे रुपये कापलेले.
परदेशात काढलं की कापतात, बँकेतला साहेब म्हणाला.
कापू दे, म्हटलं.
तारेलासुद्धा शब्दागणिक पैसे पडायचे.

तिकडचं मशीन मराठी विचारत नाही म्हणे.
इथलं विचारतं,
मी दर वेळी मराठीच दाबते,
मागे रांग असली तरी.

खोताला वाटतं, म्हातारीला पैसे फार लागतात.
दर सोमवारी शंभराची नोट काढते मी,
काढून डब्यात ठेवते.
कुठल्याशा बंदराच्या वायफायवर
तो खातं उघडत असेल, तेव्हा
ओळीनं दिसत असेल त्याला
करावे, करावे, करावे,
आणि मध्येच एकदा नेरूळ.
त्या दिवशी इथली कॅश संपली होती,
रिक्षाने गेले.