धोटा

हिवाळ्यात तळघराची खिडकी
वीतभर उघडी ठेवायची, मधे वीट लावून,
यावरून वूच शहरातल्या त्या इमारतीत
दरवर्षी भांडण.
तिसऱ्या मजल्यावरचा झेनोबिउश म्हणायचा,
पाइप गोठतात, वास येतो, पिसवा होतात.
गेनोवेफा म्हणायची, "काय?"
आणि वीट परत जागेवर ठेवायची.

तिला खरंच ऐकू येत नव्हतं.
एकतीस वर्षं बारा मागांच्या मधे उभी.
गिरणी बंद झाली, तिथे आता बुटांची दुकानं आहेत.
देणी सगळी चुकती केली म्हणे मालकांनी.
कान राहिले.

मांजर प्रथम दिसलं कोळशाच्या खणात,
म्हणजे डोळे दिसले.
बाकीचं नंतर, हप्त्याहप्त्याने:
राखी पाठ, तुटकं शेपूट,
उचलून धरलेला मागचा पाय.
डोळे मिटून दूध पितं म्हणतात मांजर.
हे उघड्या डोळ्यांनी प्यायचं,
एक घोट, एक नजर,
एक घोट, एक नजर.

पाहिलं की पळायचं, म्हणून ती पाठ करून बसली.
अख्खा डिसेंबर, खालच्या पायरीवर,
दिवंगत नवऱ्याचा कोट घालून,
भिंतीवरच्या ओलीकडे बघत.
बशी मात्र रोज टाचभर जवळ.
कोंबडीची काळजं, बांगड्याचं डोकं,
नाताळात कार्पमाशाचा एक तुकडा,
तिच्या स्वतःच्या ताटातला.

जानेवारीत पिंजरा मागून आणला.
त्या रात्री मनगटावर चार दात उमटले,
दुसऱ्या दिवशी धनुर्वाताचं इंजेक्शन.
दोघींनाही टाके पडले.
दोघींनाही, कारण डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या,
"मादी आहे. दोनदा तरी व्यालेली."
तोवर ते होतं. आता ती झाली.
कानाचं टोक कापलं, खूण म्हणून.
पाय बरा व्हायला तीन आठवडे. घरात.
नाव काय लिहू?
गेनोवेफा ओठ वाचत होती.
"चूवेंको," म्हणाली. म्हणजे धोटा.

कारण तशीच पळायची ती,
कपाटाखालून पलंगाखाली, पलंगाखालून कपाटाखाली,
मागे धागा नाही, कापड नाही,
नुसती ये-जा.
एकोणीस दिवस.
पडदा फाडला, जिरॅनियमची कुंडी पाडली,
भाकरीच्या डब्यामागे जे केलं ते सांगत नाही.

विसाव्या रात्री गेनोवेफा जमिनीवर बसून
गुंतलेली लोकर सोडवत होती.
मांडीला काहीतरी टेकलं.
तिने वर पाहिलं नाही. हात तेवढा सोडला खाली,
रिकामा, उताणा,
जसा कुणी विसरून जावा.
मग तळव्यात थरथर.
आधी वाटलं, शेवटची ट्राम जातेय.
पण ट्राम थांबते.
ही बोटांतून मनगटात, मनगटातून कोपरात,
थेट रात्रपाळीत चढली.
"चालू झाला," ती म्हणाली,
मोठ्याने, माग सुरू झाल्यावर म्हणायची तशी.

एप्रिलात दार उघडं ठेवलं.
धोटा गेली. जाईलच.
तळघरात, खिडकीतून, वाड्याबिड्या नसलेल्या त्या
सिमेंटच्या अंगणात, कबुतरांच्या मागे.
आणि संध्याकाळी परत आली,
बंद दारासमोर बसली,
आणि ओरडली.

कोळशाच्या खणात तिने कधी तोंड उघडलं नव्हतं.
मांजरं आपापसात म्यांव म्हणत नाहीत,
ते फक्त माणसाशी बोलायचं.
शिकली होती ती, कुठून कोण जाणे,
आणि बोलत होती
अख्ख्या इमारतीत जिला ऐकू येत नाही
त्या एकीशी.

अर्धा तास. पाऊण तास.
मग वरून झेनोबिउश उतरला,
सपाता फटकारत, शिव्या घालत,
एक बटण निसटलेल्या पायजम्यात.
मांजरीकडे न बघता त्याने घंटीचं बटण दाबलं,
ज्याने आत घंटा वाजत नाही,
स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकतो.

आता रोज उतरतो.
वीट अजून त्याला मान्य नाही.