आकडा आणि काजळी

उणे अठरा. गॅरेजच्या दाराला आतूनही दंव गोठलेलं.
इल्मो चावी फिरवतो, शेजारी मी, मांडीवर लॅपटॉप,
आणि डॅशबोर्डवर चिकटवलेलं ते गोल मीटर
लाल आकड्यांत म्हणतं: सोळा पूर्णांक आठ.

म्हणजे हवा फार, पेट्रोल कमी.
म्हणजे इंजिन उपाशी.
असं आम्ही धरून चाललो, नोव्हेंबरपासून.

साब, शहाऐंशी सालची,
उसिकाउपुंकीच्या ह्याच किनाऱ्यावर जुळलेली,
मामाने वीस वर्षं नावेच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली.
इल्मोने तिला मोठा टर्बो बसवला, मोठे इंजेक्टर,
ट्रकमधून काढलेला इंटरकूलर,
आणि मला म्हणाला, आकड्यांचं तू बघ.

मी बघत गेले.
आयडलच्या चौकटींत चार टक्के पेट्रोल वाढव.
मग आठ. मग चौदा.
आकडा थोडा उतरायचा,
दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्या जागी जाऊन बसायचा.

पंप बदलला. फिल्टर बदलला.
नळ्यांचे क्लॅम्प इतके आवळले की एक तुटला.
नवा सेन्सर आणला, माझ्या अर्ध्या पगाराचा,
तोही जुन्याचीच री ओढू लागला.
इल्मो म्हणाला, तुझं ट्यूनिंग.
मी म्हटलं, तुझं वेल्डिंग.
त्यानंतर आठवडाभर
आम्ही एकमेकांशी फक्त पाने मागण्यापुरतं बोललो.
बारा नंबर. दहा. नाही, लांब दांड्याचा.

आणि गंमत बघा, हायवेला टर्बो भरात आला
की मीटर साडेअकरा दाखवायचं, अगदी हवं तेवढं.
(भरात यायचा उशिरा. त्याचं खापर आम्ही थंडीवर फोडलं.)
पण सिग्नलला थांबलो की गाडी धापा टाकत बंद,
मागे बर्फावर काळा पंखा उमटलेला.
उपाशी माणूस ढेकर कसा देतो
हे विचारायचं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

यालमारी आला तो शिडी परत करायला.
टगबोटींच्या पोटात हयात गेलेला माणूस,
बसायचं विचारलं तर उभाच राहतो.
त्याने एक स्पार्क प्लग काढला, फडक्यात धरला,
आणि डीप फ्रीझरच्या पांढऱ्या झाकणावर
त्याच्या टोकाने रेघ ओढली.
काळीभोर. मऊ. काजळासारखी.
"पोट भरलंय हिचं," म्हणाला, "ओसंडून."

मग मीटर खोटं बोलतं?

यालमारीने मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही.
"त्याचं नाक कुठे आहे?"

नाक टर्बोच्या खाली, दीड वीत.
आणि इंजिनापासून त्या नाकापर्यंत किती सांधे?
मी मोजले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा.

मग आईचा व्हॅक्यूम क्लीनर उलटा जोडून
सायलेन्सरमध्ये तोंड खुपसलं, भोवती चिंध्या कोंबल्या,
आणि थंड लोखंडावर ब्रशने साबणाचं पाणी लावत गेलो.
पहिला सांधा: काही नाही.
दुसरा: काही नाही.
तिसऱ्या सिलिंडरपाशी, उष्णतेच्या पत्र्याआड,
एक बुडबुडा.
मग त्याच्यामागून दुसरा, न घाबरता.

स्टड मोडलेला होता, आतल्या आत.
वेल्डिंग ठणठणीत. ट्यूनिंगही, मी हात लावण्याआधीचं.
इंजिनाच्या दोन उच्छ्वासांमधल्या पोकळीत
ती फट बाहेरची हवा ओढून घ्यायची,
आणि बिचारा सेन्सर ती हुंगून इमानाने सांगायचा, हवा फार.
हवा होतीच.
फक्त ती इंजिनातून आलेली नव्हती.
जोर आला की फट नुसती बाहेर फुंकायची,
म्हणून वेगात सगळं खरं, थांबल्यावर घोटाळा.

स्टड काढायला रविवार गेला, दोन ड्रिल बिट गेले.
गॅस्केट नवं. मी जुनी फाइल उघडली,
"तीन नोव्हेंबर", आणि माझी सगळी चौदा टक्के हुशारी पुसली.
चौदा पूर्णांक सात. सहा. सात.
इल्मोने बोनेटवर हात टेकला, बोलला काहीच नाही,
मग माझ्याकडे न बघता म्हणाला, बारा नंबर दे.
बारा नंबरचं आता काही काम नव्हतं.
मी दिला.

आई दर शनिवारी गालिचा साफ करते
आणि घरभर पेट्रोलचा वास दरवळतो.
विचारते, ह्याला काय झालंय?
आम्ही दोघं म्हणतो, थंडी.