एक एल की दोन

दगड कोरणारा विचारतो,
"आडनावात एल एक, की दोन?"
अक्षरामागे अकरा डॉलर.
मी म्हणते, थांब जरा,
आणि त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून राहते
ओल्या हातमोज्यांसकट.

गारलंड गेला मार्चात. जमीन गोठलेली,
म्हणून मे उजाडेपर्यंत थांबावं लागलं त्याला.
त्याला सवय होती थांबायची.
कॉडसाठी थांबला,
मग कॉडवरची बंदी उठायची म्हणून थांबला.

मूळ डेव्हनचं, असं आत्या सांगायची.
तिकडे कुणी एक वॉल्टर होता. गावात वॉल्टर चार:
एक तांबडा, एक ओढ्याकाठचा,
एक लंगड्या आगाथाचा,
आणि हा, घरं शाकारणारा.
त्या बोलीत हेलणं म्हणजे झाकणं.
करवसुलीच्या कारकुनाने मेंढीच्या कातड्यावर
ओळखीपुरतं लिहून टाकलं: हेलिअर.
वॉल्टरला कुणी विचारलं नाही.
तो शिडीवर होता.

त्याच्या पणतूने उभ्या जन्मात छपराला हात लावला नाही,
तरी छप्पर काही डोक्यावरून उतरेना.
एका पाद्र्याने हिलियर केलं, त्याला ऐकू कमी येई.
पुढच्याने हेल्यर; त्याला ऐकू येई, पण घाई असायची.
डॉर्सेटला उतरलेल्यांचा एच
तिथल्या लोकांनीच गिळला.
एकाला दोन कोकरांपायी तास्मानियाला धाडलं,
त्याच्या आडनावाआधी आकडा लागला.

आणि बायका?
थॉमसिन हेलिअर, ग्रेस हेलिअर, प्रुडन्स –
चर्चच्या दारातून आत जाताना होत्या,
बाहेर येताना नव्हत्या.
माझ्याही लाइटबिलावर अजून पिटमन येतं,
पिटमनला जाऊन नऊ वर्षं झाली तरी.

आमचा जेबेझ पूल बंदरातून निघाला न्यूफाउंडलंडला,
दोन उन्हाळे आणि एक हिवाळा, असा करार.
खाली सही नाही, फुली.
ती फुलीच आमचं सगळ्यात जुनं हस्ताक्षर.
तो परतला नाही.
पैसे नव्हते की मन नव्हतं,
ते फुलीत लिहिलेलं नाही.

मी सात वर्षांची असताना बेटावरची शाळा बंद झाली,
मग दुकान, मग टपाल.
सरकार म्हणालं, खाडीपलीकडे चला.
बाबांनी घराखाली रिकामी पिंपं बांधली,
सहा होड्यांनी दोर ओढले,
आणि त्या सकाळी आमच्या घराची नाव झाली.
आतली घड्याळंसुद्धा काढली नव्हती.
आई काठावरून ओरडत होती,
कारण गारलंड छपरावर जाऊन बसला होता,
चिमणीला मिठी मारून,
आणि काही केल्या उतरेना.
किती पिढ्यांनी, कोण जाणे,
आमच्यातलं कुणीतरी पुन्हा तिथे बसलं होतं.
हे मला आज सुचतंय. तेव्हा मला फक्त
त्याचा हेवा वाटला होता.

"बाई," दगडवाला म्हणतो, चहा संपवून.

विम्याच्या कार्डावर दोन एल आहेत.
आईच्या बायबलमध्ये एक.
त्याच्या होडीवर त्याने स्वतः रंगवलं होतं:
एक एल नीट, दुसरा अर्धाच, रंग संपला होता.
तो म्हणाला होता, उरलेला उद्या.
मग एकवीस वर्षं
तशीच फिरली ती होडी, दीड एलवर.

बाहेर बारीक गारा सुरू होतात.
शेडच्या कोपऱ्यात टप् करून थेंब पडतो,
दगडवाला पायाने बादली सरकवतो, सवयीने.
"पन्हळीपासून तिसरा खिळा सुटलाय," मी म्हणते.
वर बघितलेलंही नसतं मी.

तो बघतो. मोजतो.
मग पेन्सिल कानामागून काढतो
आणि पुन्हा विचारतो, एक की दोन.

"दीड कोरता येईल का?"
तो हसत नाही.
"दीडचेही," तो म्हणतो, "बावीसच होतील."