तेल नको

उद्यमनगरात वीस वर्षं गॅस कटिंग करतोय.
हाताला सवय इतकी, की झोपेतसुद्धा
अंगठा चाकावर फिरतो.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोल काढला,
मधोमध पेन्सिलनं काळं केलं.
"गाठीच्या गाभ्यात वारा पोचत नाही,
तिथं किरणांची धार बोथट होते."
बायको माझ्याकडं बघत राहिली.
मी मान हलवली.
नुसत्या गॅसनं लोखंड लाल होतं, काजळतं.
कापतो तो ऑक्सिजन.
"आधी ऑक्सिजन, मग लगेच किरणं.
खात्री देत नाही. अजून सगळीकडं करत नाहीत,"
त्या म्हणाल्या, आणि पेन्सिल
बराच वेळ खाली ठेवली नाही.

राजनंदिनी सात वर्षांची.
काचेच्या नळकांड्यात जायचं तर सुती झगा,
बांगडी नको, बॅटरीची बाहुली नको,
केसांना तेल नको.
सिस्टर समजावू लागली, म्हटलं, ठाऊक आहे.
आमच्यात तेलकट हातानं नॉबला शिवला म्हणून
एकाला मालकानं त्याच दिवशी घरी घालवलं.
तरी रात्री बायकोनं, सवयीनं,
उरल्यासुरल्या केसांना चार थेंब लावलेच.
पहाटे तीनदा डोकं धुतलं.
दोघी रडल्या. साबण डोळ्यात गेला म्हणे.

"कान दडपलं तर आवंढा गिळ,
आंबा घाटात गिळतीस तसा."
"ठाव हाय. मी झोपतो की आत,"
म्हणाली, पोरासारखी,
इथल्या सगळ्या पोरींसारखी.

दार लागलं.
काचेवर तिनं नाकानं एक ठिपका काढला,
मी बाहेरून त्यावर बोट ठेवलं.
भिंतीशी सिलिंडरांची रांग,
काळं अंग, पांढरे खांदे.
आमच्याकडचे नुसते काळे.
तासभर त्यांच्याकडंच बघत बसलो,
कामावरची माणसं लग्नात भेटावीत तसा.

मग धावाधाव.
रक्तातला वारा उतरायच्या आत
ट्रॉली तळघरात पोचायला हवी.
लिफ्टमध्ये कुणाच्या तरी डब्याचा,
सुक्या मटणाचा वास.
"पप्पा, भूक लागली."

वर्कशॉपात यायची तेव्हा एकच सांगायचो,
ज्योतीकडं बघू नको, पाठ कर.
आता ती न दिसणाऱ्या ज्योतीखाली,
तोंडावर जाळीचा मुखवटा, हलायचं नाही,
आणि जाड दाराकडं पाठ करून
उभा मी.

लाल दिवा लागला.
खिशात अंगठा फिरत होता, हळूहळू,
पाव फेरा,
पुन्हा पाव.
जास्त उघडलं
तर चांगलं लोखंडही जातं.